लिस्बनच्या पाखाडीवर घातलेलं गाऱ्हाणं

विहीणबाई,

काल पूर्णगडला खाडीच्या काठी तुमचा दहावा झाला. कावळा लगेच शिवला. तुमच्या मुलाने पिंड ठेवून पाठ वळवली आणि तो पठ्ठ्या माडावरून सरळ खाली उतरला, जसं काही आदल्या दिवशीच त्याला आवतण गेलं होतं. आलेल्या बायांची फार निराशा झाली. कावळा बसणार नाही, दुपार होईल, मग तुमच्या जावयाला पुढे करून त्याच्याकडून काहीतरी वदवून घ्यावं लागेल, असं त्यांनी ठरवूनच टाकलं होतं. एकजण माझ्या शेजारी उभी राहून म्हणाली, "बिचारीची इच्छा राहिली हो. लेकीच्या पोटचं बघायचं राहिलं."

मी म्हटलं, "तिचं काही राहिलेलं नाही. मला विचारा."

"तुम्ही काय, मुलाकडच्या," ती म्हणाली. "तुम्हाला काय त्याचं!"

तुमची रेश्मा दोन पावलांवर उभी होती. तिने ऐकलं. मी पुढे बोलले नाही, कारण दहाव्याला भांडले असते तर तुम्हीच उठून मध्ये पडला असतात. पण घरी देवरूखला आल्यापासून ते वाक्य डोक्यातून जात नाही. म्हणून लिहायला बसले. तुम्हाला सगळं माहीत आहे. पण आज तुम्ही वाद घालायला नाही, तेव्हा एकदा सलग सांगून घेते. मध्ये मध्ये तोडायची तुमची खोड होती, ती आता चालणार नाही.

सुरुवात माझ्यापासून झाली. माझ्या दिनेशचं आणि तुमच्या रेश्माचं लग्न तुमच्या अंगणात लागलं, आणि मग विहिणींची पंगत बसली. मी मुलाची आई, म्हणजे त्या दिवशी माझ्यावर कोणी नाही. तुम्ही वडे वाढत होतात. वाढता वाढता सगळ्यांना ऐकू जाईल असं हसून म्हणालात, "लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणी पिऊ नये म्हणतात. मी काय ती चाल पाळणार नाय हां! पहिली गाडी धरणार, लेकीकडे जाणार नि तिच्या हातचं जेवणार."

बाया हसल्या. माझ्या पानातला वडा गार होता. वडा गरम असता तर पुढची नऊ वर्षं वेगळी गेली असती, असं मला कधी कधी वाटतं. पण खरं सांगायचं तर वड्याचं निमित्त होतं. तुम्ही माझ्यासमोर मोकळ्या हसलात, ते मला सहन झालं नाही. मुलीच्या आईने त्या दिवशी जरा वाकून राहावं असं मला शिकवलेलं होतं. मी सगळ्या पंगतीसमोर म्हटलं, "विहीणबाई, याल तेव्हा पाळणा बांधायलाच या. त्याआधी माझ्या मुलाच्या घरचं पाणी मागू नका."

तुम्ही वड्यांची टोपली खाली ठेवलीत.

"शब्द टाकलात," तुम्ही म्हणालात. "पाळीन."

आणि पाळलात. दिनेश-रेश्मा ठाण्याला होते तेव्हा तुम्ही चार-पाचदा आलात. प्रत्येक वेळी शेजारणीकडे चहा घेतलात, स्टेशनाबाहेर केळी खाल्लीत आणि रेश्माच्या हातून तोंड पुसायचा रुमाल तेवढा घेतलात. मला वाटायचं, दोन वर्षांत मूल होईल आणि हा तमाशा आपोआप संपेल. मूल झालं नाही. तुमचा हट्ट कातळासारखा, आणि मी मुलाची आई. दोघींपैकी एकीनेही पाऊल मागे घेतलं नाही.

मग ती दोघं नोकरीसाठी लिस्बनला गेली आणि गेल्या मे महिन्यात दिनेशने आपल्या दोघींची तिकिटं पाठवली. एकाच वेळची. मी त्याला फोनवर झापलं. "त्या बाईबरोबर मी पंधरा दिवस राहू?" तो म्हणाला, "आई, त्या पण हेच म्हणाल्या."

तुम्ही आलात ते पोह्यांची पिशवी, गूळ, खोबरं आणि पंचवीस चुरमुऱ्यांचे लाडू घेऊन. पहिल्याच दिवशी तुम्ही लेकीला नियम सांगितलात. झोपायला हरकत नाही. अंघोळीला हरकत नाही, ते पाणी पोटात जात नाही. पण पिण्याचं पाणी खालच्या चौकातल्या सरकारी नळाचं, आणि खायचं ते इमारतीच्या दाराबाहेर, पायरीवर बसून. तिसरा मजला, लिफ्ट नाही. तुम्ही पोहे भिजवायला बाटली घेऊन तीन मजले उतरायच्यात. रेश्मा खिडकीतून बघत राहायची. शेजारच्या गोऱ्या बाईने दुसऱ्या दिवशी तुमच्यासाठी पायरीवर सूपचा वाडगा आणून ठेवला. तिला वाटलं, तुम्हाला घराबाहेर काढलंय. दिनेश मला म्हणाला, "आई, लाज वाटते गं." मी म्हटलं, "तिचा हट्ट आहे, मी काय करू?"

खोटं बोलले. काय करायचं ते मला चांगलं माहीत होतं.

पण एक गोष्ट मान्य करते. त्या नियमामुळे आपण लिस्बन बघितलं. तुम्ही घरात जेवणार नाही, म्हणून खायला रोज बाहेर पडायचं, आणि एकटीला सोडायचं नाही म्हणून रेश्मा मला तुमच्यामागे लावायची. दिनेश सांगायचा, "लांब जाऊ नका, हरवाल." तुम्ही म्हणायच्यात, "हरवायला काय, वर चढलं की घर, खाली उतरलं की पाणी. आमच्या पूर्णगडसारखंच हाय." आणि तसंच होतं. अख्खं शहर म्हणजे पाखाडीवर पाखाडी. पायऱ्या चढा, वळा, पुन्हा पायऱ्या. वरून बघितलं की लाल कौलं आणि खाली खाडीएवढी रुंद नदी. घरांच्या भिंतींना फरशा लावलेल्या, निळ्या-पांढऱ्या, आपण न्हाणीघरात लावतो तशा. तुम्ही म्हणालात, "ह्यांनी न्हाणीघर उलटं केलंय." खिडक्याखिडक्यांतून दोऱ्यांवर कपडे वाळत घातलेले. चड्ड्यासुद्धा. ते बघून तुम्हाला फार बरं वाटलं. "म्हणजे माणसंच राहतात हो," म्हणालात.

बेकरीत जाऊन "पाव" म्हटलं तर तिथल्या बाईने पाव दिला. तुम्ही माझ्याकडे असं बघितलंत जसं काही पोर्तुगीज भाषा तुम्हीच घडवली. सुक्या मासळीचं दुकान बघून तर तुम्ही दारातच थांबलात. दाराएवढे मासे मीठ लावून सुकवून टांगलेले. तुम्ही एकाला बोट लावलंत, वास घेतलात आणि दुकानदाराला मराठीत सांगितलंत, "ऊन कमी पडलंय." तो हो म्हणाला.

आणि ट्राम. पिवळी, एवढीशी, आपल्या अंगावर येईल अशी. दिनेशने सांगितलं होतं, पाकीटमार असतात, चढू नका. तिसऱ्या दिवशी आपण चढलो. चौथ्या दिवशी ट्रामवाला तुम्हाला ओळखायला लागला. पाचव्या दिवशी त्याने तुमच्यासाठी थांबा नसताना गाडी थांबवली. मी देवरूखच्या एस्टीला चाळीस वर्षं हात दाखवला, माझ्यासाठी अशी कोणी थांबवली नाही.

पण खरी मजा बाकावर बसण्यात होती. तुम्ही तो खेळ काढलात. चौकात बसायचं आणि जाणाऱ्या बायांमध्ये सासू-सून कोण ते ओळखायचं. तुम्ही चालीवरून ओळखायच्यात.

"ही बघा. आई नि लेक."

"कशावरून?"

"लेक पुढे चाललीय, आई मागून ओरडतेय. सासू असती तर सून मागून चालली असती, फोनात बघत."

"आणि त्या दोघी?"

"सासू-सून. मधलं अंतर बघा. एक म्हैस जाईल मधून."

एकदा एक बाई काखेत कुत्रं घेऊन गेली, मागून तिची म्हातारी दोन पिशव्या ओढत. तुम्ही बाकावरून अर्ध्या उठलात. "बघा, बघा! कुत्रा उचललान, सासूला चालवलान!" मी म्हटलं, ती तिची आईसुद्धा असेल. तुम्ही म्हणालात, "आई असती तर तिनं कुत्रा खाली ठेवायला लावला असता."

मग मी विचारलं, "आपल्या दोघींकडे बघून लोक काय म्हणत असतील?"

तुम्ही म्हणालात, "बहिणी म्हणत असतील."

"शी!" मी म्हटलं. तुम्हीही "शी!" म्हणालात. पण दोघी हसलो, आणि लग्नाच्या मांडवानंतर आपण एकत्र पहिल्यांदा हसलो ते तेव्हा. हे मी तुम्हाला तिथे सांगितलं नाही.

तुळशीची गोष्ट त्याच दिवशीची. त्यांचा कसलासा सण चालू होता. गल्ल्यांतून रंगीत कागदांच्या पताका, आणि दारादारांपुढे लहान कुंड्या, त्यात गोल गरगरीत हिरवं झुडूप. तुम्ही वाकून पान चोळलंत. "तुळस!" तुम्ही घर सोडल्यापासून तुळशीला पाणी घातलं नव्हतं, ते तुम्हाला खात होतं. एका दारापुढे सात-आठ कुंड्या ओळीने मांडल्या होत्या. तुम्ही चपला काढल्यात, बाटलीतलं पाणी एकेकीला घातलंत, कमरेच्या डबीतून हळदकुंकू वाहिलंत आणि हात जोडून उभ्या राहिलात. मी म्हटलं, "अहो, विकायच्या दिसतायत." तुम्ही म्हणालात, "विकतात म्हणून काय देव जातो?"

दार उघडलं आणि आपल्या वयाची एक जाडी म्हातारी बाहेर आली. तिच्या आठही कुंड्या लाल-पिवळ्या झालेल्या. ती जी ओरडली! हात वर, हात खाली, कुंडी उचलून आपल्या नाकापुढे. तुम्ही जराही हलला नाहीत. तिचं ओरडणं संपू दिलंत, मग तिच्या कपाळाला कुंकू लावलंत.

तिने कपाळाला हात लावून बोटावरचं कुंकू बघितलं. मग हसायला लागली. तिने आपल्याला दाखवलं, झुडपाला नाक लावायचं नाही, हात फिरवायचा आणि हाताचा वास घ्यायचा. तुम्ही मला कोपराने ढोसलंत. "बघा. सोवळं पाळतात." ती तुळस नव्हती, तिची कोणीतरी चुलतबहीण होती, हे रेश्माने नंतर सांगितलं. तुम्ही ते शेवटपर्यंत मानलं नाहीत.

त्या म्हातारीने सणापुरती दारातच लोखंडी शेगडी मांडली होती आणि निखाऱ्यावर तारली भाजत होती. मोठं मीठ लावून, आख्खी, डोक्यासकट. तिने दोन पावाच्या कापांवर ठेवून आपल्याला दिली. आम्ही डोंगराकडची माणसं, आमच्याकडे मासळी येते ती सुकी नाहीतर शिळी. मी बोटांनी काटे चिवडत बसले. तुम्ही एका ओढीत अख्खा काटा बाहेर काढलात. म्हातारी बघतच राहिली. तिने शेजारणीला हाक मारली आणि तुम्हाला खुणेने सांगितलं, हिलाही दाखव. तुम्ही पुन्हा करून दाखवलंत. त्या दिवसापासून तुम्ही रोज दुपारी तिच्या दारात जेवायच्यात. आपण तिचं नाव तुळसवाली ठेवलं. ती पोर्तुगीज बोलायची, तुम्ही मराठी, आणि मला वाटतं तुम्ही दोघी सुनांविषयी बोलत होतात.

आता मूळ गोष्ट.

सहाव्या दिवशी तुम्ही खाली पायरीवर पोहे भिजवत होतात आणि मी रेश्माबरोबर स्वयंपाकघरात होते. ती भाजी चिरत होती. मान वर न करता म्हणाली, "आई, तुम्हाला एक सांगायचंय. चार वेळा राहिलं, चारही वेळा गेलं. दोन तुम्हाला माहीत आहेत. आता आम्ही थांबवलंय. डॉक्टर, औषधं, सगळं. दोघांनी मिळून ठरवलंय."

मी तिला पूर्वी बोललेली आहे, विहीणबाई. दोन वर्षं बोलले. उपास सांगितले, नवस सांगितले, चारचौघांत टोमणे मारले. त्यातलं किती तुमच्या कानावर आलं मला माहीत नाही. तुम्ही कधी विचारलं नाहीत.

ती म्हणाली, "मूल नाही, त्याचं मी बघून घेईन. पण मग माझी आई माझ्या घरी कधीच जेवणार नाही ना?"

मला रडायला लवकर येत नाही. मी घासलेलीच भांडी पुन्हा घासायला घेतली. तिने एवढंच सांगितलं, "तिला तुम्ही सांगा. मला नाही जमायचं."

मी तीन दिवस सांगितलं नाही. रोज ठरवायचे, आज बाकावर सांगेन, आणि तुम्ही म्हणायच्यात, "ती बघा, सासू." सांगितलं की पुढचा प्रश्न माझ्यावर येणार, हे मला दिसत होतं. मूल कधीच नाही, म्हणजे माझा शब्द कायमचा. तुम्ही मराल तोवर. एका गार वड्यावरून मी एका मुलीची आई तिच्या घरातून कायमची बाहेर काढली होती.

नवव्या दिवशी रेश्माला लवकर सुट्टी मिळाली. ती आपल्याला शोधत तुळसवालीच्या गल्लीत आली. तुम्ही पाठमोऱ्या होतात. तुळसवालीच्या उंबऱ्यावर बसून तिच्या ताटातून तारली खात होतात, बोटं चाटत, हसत. मी समोर होते, मला रेश्मा दिसली. ती कोपऱ्यावर थांबली. परक्या बाईच्या हातचं आपली आई कशी चवीने जेवते ते तिने पाहिलं. हाक मारली नाही. तोंड फिरवलं आणि पायऱ्या चढून गेली.

मी तुम्हाला म्हटलं, "उठा."

"अजून एक तारली..."

"उठा म्हणते ना!"

आपण त्या उंच कठड्यापाशी गेलो, जिथून सगळी कौलं आणि नदी दिसते. तिथे नेहमीच गर्दी. पायऱ्यांवर दोनशे-तीनशे माणसं बसलेली, एकजण गिटार वाजवत होता, पोरं-पोरी एकमेकांच्या गळ्यात. संध्याकाळचे सात वाजले होते आणि ऊन आपल्या चार वाजल्यासारखं. मी बसलेही नाही.

"मूल होणार नाही," मी म्हटलं. "दोघांनी थांबवलंय. चार गेली."

तुम्ही नदीकडे बघत होतात. मला वाटलं तुम्हाला ऐकू आलं नाही.

"ठाऊक हाय," तुम्ही म्हणालात. "तिच्या चालण्यावरून कळलं मला. विमानतळावरच."

"मग जेवत का नाही तिच्याकडे? कशाची वाट बघताय?"

तेव्हा तुम्ही माझ्याकडे वळलात. "शब्द कोणाचा? माझा असता तर कधीच मोडला असता. मी तर ती चाल मानतच नव्हते. शब्द तुमचा. तुमच्याकडे ठेवा नायतर मागे घ्या."

"घेतला मागे. झालं?"

"असा नाय. मांडवात चार गावच्या माणसांपुढे टाकलात. माणसांपुढेच मागे घ्या."

"इथे कुठली माणसं आणू?"

तुम्ही त्या पायऱ्यांकडे हात केलात. "मग ही काय गाढवं हायत?"

मी तुमच्याकडे बघितलं. तुम्ही थट्टा करत नव्हतात. नऊ वर्षं तुम्ही लेकीच्या उंबऱ्याबाहेर बसलात, ते हौस म्हणून नाही, हे मला त्या दिवशी कळलं. मी एकदा बोलवावं म्हणून तुम्ही बसला होतात.

मग मी कठड्याच्या पायरीवर चढले. पदर घट्ट खोचला. भाषण मला येत नाही, माझं शिक्षण चौथी. लोकांसमोर मोठ्याने बोलायची एकच पद्धत मला येते, आमच्या गावात देवापुढे घालतात ते गाऱ्हाणं. तेच घातलं.

"हे बारा गावच्या, बारा वाटांच्या देवा महाराजा!"

गिटारवाला थांबला. आणि माझ्या मागून, कोणी सांगितलं नसताना, तुमचा खणखणीत आवाज आला, "होय महाराजा!"

"आज ही तुझी लेकरं परमुलखात उभी आहेत रे महाराजा!"

"होय महाराजा!"

"मी भर मांडवात माझ्या विहिणीला वाईट शब्द टाकला रे महाराजा!"

"होय महाराजा!" हे तुम्ही जरा जास्तच जोरात म्हणालात.

"तो शब्द मी आज ह्या चार लोकांपुढे मागे घेते रे महाराजा! ती तिच्या लेकीच्या घरी खाईल, पिईल, मूल असो नसो, पाळणा हलो न हलो, तिला कोणी अडवायचं नाही रे महाराजा!"

"होय महाराजा!"

"जो कोणी त्या पोरीला ह्यावरून बोलेल, त्याची जीभ झडो रे महाराजा! मी बोलले तर माझी झडो!"

त्याला तुम्ही "होय" म्हटलं नाहीत. मी वळून बघितलं. तुम्ही म्हणालात, "एवढं नको."

आणि टाळ्या पडल्या. सगळ्या पायऱ्या उठून टाळ्या वाजवत होत्या. एका म्हाताऱ्या गोऱ्याने टोपी काढली. एक पोरगी रडत होती, कशासाठी ते तिचं तिला माहीत. गिटारवाला मान खाली घालून नमस्कार करत होता, जसं काही आपण त्याच्या धंद्यातल्या मोठ्या बाया. माझ्या मुलाच्या लग्नात, मी मुलाची आई असताना, मला एवढा मान मिळाला नव्हता. मी हात जोडले. तुम्हीही जोडलेत आणि माझ्या कानात म्हणालात, "काय गो, नाटकात होतीस काय?"

नऊ वर्षांत पहिल्यांदा मला "गो" म्हणालात. उतरायला हात दिलात तो पायऱ्या संपेपर्यंत सोडला नाहीत.

खाली आल्यावर म्हणालात, "शब्द मागे घेतलात. चुकले म्हणायचं राहिलं."

"ते उद्या म्हणेन," मी म्हटलं.

तो उद्या काही आला नाही. पुढे बोटीतून नदीपलीकडे गेलो तेव्हा तुम्ही विचारलंत, "उद्या झाला काय?" विमानात विचारलंत. इथे आल्यावर दर आठवड्याला फोनवर विचारत होतात, आणि मी दर वेळी म्हणत होते, अजून नाही. आपल्या दोघींनाही त्यात मजा येत होती. आठ महिने मी तो शब्द लांबवला, कारण तो दिला की तुम्ही फोन करायचं कमी कराल असं मला वाटायचं. हे माझं चुकलं. आणि पहिलंही माझंच चुकलं. चुकले, विहीणबाई. झालं समाधान? आता म्हणू नका, फार उशीर केलात म्हणून. तुम्हीही जायची घाई केलीत.

रेश्माला मी काल दहाव्यावरून परतताना गाडीत हेच सांगितलं, की तुझ्या आईजवळ मी माझी चूक कबूल करणार आहे, लिहून. ती म्हणाली, "आणि त्या बाई म्हणत होत्या ते?" मी म्हटलं, "त्या बाईला तेराव्याला गाठते." ती हसली. एवढं मला पुरे आहे.

पण त्या संध्याकाळचं शेवटचं सांगायचं आहे. कारण ते तुम्ही कधी कोणाला सांगितलं नाहीत, आणि तुमच्या गावच्या बायांना ते कळायला हवं.

आपण तीन मजले चढलो. तुम्हाला दम लागला होता. दार रेश्माने उघडलं. तिचे डोळे सुजलेले होते, ती बाजूला झाली, तुम्ही नेहमीप्रमाणे आत जाऊन खोलीत बसाल म्हणून. तुम्ही उंबऱ्यात उभ्या राहिलात.

"पाणी दे," तुम्ही म्हणालात.

तिला वाटलं, हातपाय धुवायला. ती बादलीकडे वळली.

"प्यायला दे, बाये."

ती माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, "माझ्याकडे काय बघतेस? आईला तहान लागलीय." तिने पेला भरला. तो पुढे करायच्या घाईत अर्धं पाणी जमिनीवर गेलं. तुम्ही उरलेलं उभ्या उभ्या प्यायलात आणि विचारलंत, "जेवायला काय केलंस?"

काही खास केलेलं नव्हतं. तिला कुठे माहीत होतं? डाळ, भात, बटाट्याची भाजी. दिनेश म्हणाला, "थांबा, मी खालून मासे आणतो." तुम्ही त्याला खाली बसवलंत. आपण चौघं बसलो. रेश्माने तुमचं ताट वाढलं, आणि स्वतः जेवायची सोडून तुमच्या हाताकडे बघत राहिली. तुम्ही भात कालवलात. पहिला घास घेतलात. सावकाश चावलात.

"रेश्मा," तुम्ही म्हणालात, "डाळीत मीठ नाय."

तिने एक क्षण तुमच्याकडे बघितलं. मग हसत की रडत, मला ठरवता आलं नाही, तिने मिठाची बरणी उचलली, तुमच्या ताटापुढे आपटली आणि म्हणाली, "घे वरून!"

तुम्ही चिमूटभर घेतलंत, कालवलंत आणि ताट पुढे केलंत.

"आणि भात वाढ. पोटभर वाढ."